कमाटीबागेतला शिक्रा: थंडीत फोटो कसा काढायचा

शिक्रा आधी कानाने शोधावा लागतो. पारव्याएवढा हा ससाण्यासारखा दिसणारा शिकारी पक्षी पानांआड अंग चोरून बसतो, नुसतं वर बघत फिरणाऱ्याला क्वचितच दिसतो. खारींनी एका सुरात चिरचिर लावली, सातभाईंचा कलकलाट एकाच झाडाशी जमला, बुलबुल बिथरले, की तिकडे वळा. एकट्या कोतवालावर विसंबू नका. तो शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. दोन-तीन जातींचे पक्षी मिळून ओरडत असतील तर मात्र तिथे शिक्रा, नाहीतर मांजर किंवा पिंगळा तरी असतोच.

बडोद्यात सुरुवात करायला 1879 सालची कमाटीबाग उत्तम. सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असल्याने इथले पक्षी माणसाला लगेच बुजत नाहीत. झाडांवर लक्ष असलं तरी विश्वामित्री नदीच्या काठावर चांगल्या कोनासाठी खाली उतरू नका. थंडीत मगरी तिथे ऊन खात पडलेल्या असतात.

डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. त्यानंतर तासभर शिक्रा उबेसाठी पिसं फुलवून शेंड्याजवळच्या उघड्या फांदीवर बसलेला सापडतो. एरवी दाट पानांत असतो, त्यामुळे हीच वेळ साधायची. सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून झाडाच्या आग्नेय बाजूला जाऊन उभे राहा. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली की जागा बरोबर.

फोटो काढण्याआधी तो पावशा, म्हणजे कोकिळेच्या कुळातला पक्षी, तर नाही ना, हे बघून घ्या. दोघांचीही पाठ राखाडी, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढबही तीच, आणि थंडीत पावशा गप्प असल्याने आवाजावरून ओळख पटत नाही. चोच बघा: शिक्र्याची आखूड आणि खाली वळलेली, पावशाची सरळ. शिक्रा ताठ बसतो आणि त्याच्या पिवळ्या पायांना दणकट नख्या असतात. प्रौढ शिक्र्याच्या छातीवर तांबूस आडव्या रेघा, पिल्लाच्या छातीवर तपकिरी उभे ठिपके. प्रौढ नराचा डोळा लाल, मादीचा पिवळा ते नारिंगी.

अंतराचा हिशेब सोपा आहे. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि 400 मिमी लेन्स असेल, तर 15 मीटरवर आडव्या चौकटीची उंची साधारण 56 सेंमी भरते. 30 सेंमीचा शिक्रा तिची अर्धी उंची व्यापतो. 30 मीटरवर तो पाव उरतो आणि मग नुसतं क्रॉप करून पिसांचा तपशील येत नाही. या 15 मीटरवर लेन्सचं छिद्र एफ/6.3 ठेवूनही फोकसची खोली (स्पष्ट येणारा पट्टा) फूटभर मिळते, त्यामुळे एफ/8 वर जाऊन उजेड घालवू नका.

जवळ जाताना नाकासमोर चालू नका. तिरकं चाला, पाच-सहा पावलांवर थांबा, पक्ष्याकडे टक लावू नका. पिसं फुलवून एक पाय पोटाशी घेतला म्हणजे तो निवांत आहे. पिसं अंगाशी घट्ट, मान उंच आणि नजर तुमच्यावर खिळली, तर तिथेच थांबा. आणखी एक पाऊल टाकलंत तर तो गेलाच. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आमिषही नको. घरट्याच्या फोटोच्या भानगडीतही पडू नका.

बसलेल्या पक्ष्याला 1/500 सेकंदाचा शटर पुरतो, उडताना 1/2000 च्या खाली उतरू नका. ऑटो आयएसओची (सेन्सरच्या उजेड-संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा 3200 ठेवा. धुक्याच्या सकाळी लागतेच. मागे मोकळं आकाश असेल तर एक्सपोजर +1 करा, नाहीतर राखाडी पक्षी काळाठिक्कर येतो. फोकसचा एकच बिंदू डोळ्यावर ठेवा. रुंद क्षेत्र निवडलंत तर कॅमेरा समोरची काटकी पकडतो आणि काटकीचा सुंदर फोटो मिळतो! डोळा ओळखणारा नवा कॅमेराही दाट फांद्यांत फसतो.

उडण्याआधी शिक्रा बहुधा शिटतो, पुढे झुकतो. तेवढ्या क्षणात शटर वाढवून घ्या, म्हणजे त्यासाठी एखादी कस्टम कळ आधीच नेमून ठेवलेली बरी. तो वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतो. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर तुमच्याच दिशेने येण्याची शक्यता जास्त. चौकटीत पुढे मोकळी जागा सोडा, नाहीतर पंख कापले जातात.

दहानंतर बडोद्याजवळच्या डभोईकडच्या उघड्या शेतांत जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा फोटो कितीही फोकस केला तरी मऊच येतो. लेन्सला दोष देऊ नका. अंतर कमी करा किंवा दुसऱ्या दिवशी लवकर या. तिथल्याच वढवाण्याच्या तलावावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बघायचा असेल तर तीही सकाळचीच वेळ, तिथे शटर 1/2000 लावूनच बसा.

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या आसपास मांजात अडकलेला शिक्रा दिसला तर कॅमेरा बॅगेत टाका. मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. पक्ष्यावर कापड टाकून त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या करुणा अभियानाच्या (जखमी पक्षी वाचवण्याच्या मोहिमेच्या) केंद्राकडे पोहोचवा.