शांतता करार अभ्यासायचा तर पेन्सिल घेऊन बसा

प्रबंधाला 'पश्चिम आशियातील शांतता' असा विषय घेऊन मुलं येतात. मी त्यांना सांगते, एकच करार धरा. माझ्याकडे नवीन आलेल्यांना मी इजिप्त आणि इस्रायलमधला 1978 चा कॅम्प डेव्हिड करार देते, कारण यशही त्यात आहे आणि अपयशही.

आधी मूळ कागद मिळवा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्या काळातली कागदपत्रं प्रसिद्ध केली आहेत, इंटरनेटवर फुकट वाचता येतात. 5 ते 17 सप्टेंबर 1978 असे 13 दिवस अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना कॅम्प डेव्हिड या डोंगरातल्या आवारात ठेवलं. दोघं समोरासमोर आले की भडका उडायचा. म्हणून अमेरिकनांनी एकच मसुदा लिहिला, तो आळीपाळीने दोघांकडे नेला, हरकती ऐकल्या आणि पुन्हा लिहिला. असे 23 मसुदे झाले. हस्तांदोलनाचा फोटो बाजूला ठेवा आणि लागोपाठचे दोन मसुदे शेजारी ठेवून काय खोडलं, काय घातलं ते बघा.

मग पेन्सिल. शेवटी दोन दस्तऐवज निघाले: एक इजिप्त-इस्रायलचा, दुसरा वेस्ट बँक आणि गाझाचा. दोन्हींत तीनच गोष्टींखाली रेघ मारा: कोण, कधी, कुणाच्या देखरेखीखाली. पहिल्याचं पान रेघांनी भरतं. त्यावरून 26 मार्च 1979 ला जो तह झाला, त्यात तर सिनाईचे, म्हणजे इस्रायलने इजिप्तला परत करायच्या द्वीपकल्पाचे, पट्टे पाडून कुठे किती सैन्य ठेवायचं तेही लिहिलंय. पहिल्या पट्ट्यात इजिप्तचे जास्तीत जास्त 230 रणगाडे! दुसऱ्या दस्तऐवजात पाच वर्षांचा संक्रमणकाळ आहे, पण तिथल्या पॅलेस्टिनींचं स्वशासन कसं आणायचं हे इजिप्त, इस्रायल आणि जॉर्डनने पुढे ठरवायचं. जॉर्डन तिथे नव्हता, पॅलेस्टिनीही नव्हते. माझ्या मते अर्धा प्रबंध इथेच आहे.

मराठी भाषांतरावरून युक्तिवाद मात्र करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. कॅम्प डेव्हिडचा पाया म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो सुरक्षा परिषदेचा 1967 चा ठराव 242 घ्या. इस्रायलने 1967 च्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असं त्यात आहे. इंग्रजीत 'टेरिटरीज'च्या (प्रदेश) आधी 'द' हे निश्चित उपपद नाही, फ्रेंच प्रतीत तसं उपपद आहे. सगळा व्यापलेला प्रदेश सोडायचा की काहीच भाग, हा वाद त्या एवढ्याशा जागेभोवती फिरतो. मी 'व्यापलेल्या प्रदेशांतून' असं मराठी करून टिपण लिहिलं आणि मुद्दाच निसटला, कारण आपल्या भाषेत ते उपपदच नाही.

सिद्धांत सगळ्यात शेवटी. वाटाघाटींचे अभ्यासक झार्टमन म्हणतात, दोघांनाही सोसवेना आणि जिंकताही येईना, तेव्हा बोलणी पिकतात. कल्पना चांगली आहे, पण 'करार झाला म्हणजे वेळ पिकली होती' असं लिहिलंत तर मी पान परत करते. पुरावा आधीच्या वर्षांतला हवा: इजिप्त आणि इस्रायलमधलं 1973 चं युद्ध, नोव्हेंबर 1977 मधली सादात यांची जेरुसलेमभेट.

हे जमलं की 'ताबा' नावाच्या ठिकाणाचं प्रकरण घ्या. अकाबाच्या आखाताजवळचा हा चिमुकला तुकडा. एप्रिल 1982 मध्ये इस्रायल सिनाईतून बाहेर पडला तरी सीमेच्या खांबांवरून इथला वाद उरला, लवादाकडे गेला आणि मार्च 1989 मध्ये हा तुकडा इजिप्तकडे आला. तहाचं सातवं कलम उघडा आणि लवादाचा शब्द कुठे येतो तिथे खूण करा.