बफरचा पीएच काढताना आधी मिलिमोल मांडा

बफर म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्क पडले तरी पीएच फारसा न बदलणारे द्रावण. त्याचा पीएच काढायचे हेंडरसन-हॅसलबाल्कचे समीकरण तोंडपाठ असते, तरी उत्तर चुकते. लॉग क्वचितच दगा देतो. समीकरणात आकडे टाकायची घाई नडते.

पीएच = पीकेए + लॉग (अॅसिटेट ÷ आम्ल)

पीकेए म्हणजे आम्लाची ताकद सांगणारा आकडा. समजा, 0.1 मोलर अॅसेटिक आम्ल 100 मिली आहे. त्यात 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 40 मिली ओतले. मिली गुणिले मोलरता म्हणजे मिलिमोल: आम्ल 10, हायड्रॉक्साइड 4. हे 4 तसेच राहत नाहीत. 4 मिलिमोल आम्ल संपवून तेवढेच अॅसिटेट बनवतात. म्हणजे उरले आम्ल 6, अॅसिटेट 4. पीकेए 4.76, लॉग (4÷6) = −0.18, पीएच 4.58. घाईत 4÷10 घातले की 4.36 येते. 140 मिलीने भागत बसू नका. अंश आणि छेद दोन्हींत तेच घनफळ आहे, ते उडून जाते.

आम्ल जास्त असेल तर उत्तर पीकेएच्या खालीच हवे. वर आले तर अपूर्णांक उलटा झाला. कॅल्क्युलेटरवर लॉगऐवजी 'एलएन' (नैसर्गिक लॉग) दाबले गेले नाही ना, हेही पाहा.

याच बफरमध्ये 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 1 मिली टाका: आम्ल 7, अॅसिटेट 3, पीएच 4.39. तेवढ्याच शुद्ध पाण्यात टाकले तर थेट 2.15! हायड्रॉक्साइड पूर्ण 100 मिली ओतले तर मात्र आम्लच उरत नाही. मग हे समीकरण चालत नाही. अॅसिटेटच्या जलअपघटनाने (पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेने) पीएच काढावा लागतो, तो 8.73 येतो.

अॅसिटेट वजन करून घेणार असाल तर बाटलीचे लेबल वाचा. एका मोलचे वजन निर्जल सोडियम अॅसिटेटचे 82.03 ग्रॅम, तीन रेणू पाणी असलेल्या ट्रायहायड्रेटचे 136.08 ग्रॅम. ट्रायहायड्रेट घेऊन निर्जलचे वजन केले तर पीएच 0.22 ने खाली येतो. पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट स्वतःच आम्ल खाते.

आता सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात प्रयोगशाळेत 40 अंश असताना पुस्तकातला 25 अंशांचा पीकेए अॅसिटेटला चालून जातो. ट्रिस या दुसऱ्या बफरला नाही. त्याचा पीकेए दर अंशाला सुमारे 0.028 उतरतो, म्हणजे 15 अंशांना 0.42. कागदावर 8.1 काढलेले ट्रिस मीटरवर 7.7 च्या आसपास दिसले, तर हिशेब खोडू नका. आधी द्रावणात थर्मामीटर बुडवा.