शीतगृहातल्या लिंबू-संत्र्यांची शीत-इजा कशी ओळखायची

शीतगृहाच्या दारात क्रेट उघडून 'माल चांगला आहे' असं सांगू नका. गारठ्याने साल दुखावलेली असली तरी थंडीत फळ बहुतेक वेळा तजेलदारच दिसतं. खरा प्रकार ते उबेत आल्यावर उघडा पडतो. म्हणून मी थप्पीच्या वरून, मधून आणि थंड हवेच्या झोतासमोरच्या कोपऱ्यातून फळं काढते, प्रत्येकावर जागा लिहिते आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास तीन-चार दिवस ठेवते. निकाल त्यानंतर.

तपासण्याआधी फळ कोरडं पुसा, कारण गारठ्याची खूण म्हणजे सालीवरचे बारीक खड्डे, आणि ते ओल्या सालीवर लपतात. टॉर्च सालीच्या अगदी जवळ, आडवी धरा आणि फळ सावकाश फिरवा. सुरुवातीचे खोलगट ठिपके सालीच्याच रंगाचे असतात. समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडात कडेला सावली पडली की लगेच कळतात. पुढे ते तपकिरी होतात, एकमेकांना मिळतात.

खड्डा दिसला म्हणजे गारठाच, असं मात्र नाही, आणि इथे घाई केली तर दोष भलत्याच्या माथी जातो. तोडताना किंवा हाताळताना तेलग्रंथी (सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या) फुटल्या तरी डाग पडतात. भिंगातून बघा: त्या डागात ग्रंथी दाण्यांसारख्या वर राहतात आणि त्यांच्यामधली साल बसते. देठाभोवती साल सुकून तपकिरी झाली, पण देठाला लागून बारीक कडं ताजं राहिलं, तर फळातलं पाणी उडालेलं आहे.

मग फळ आडवं कापा. हे टाळू नकाच, कारण लिंबाची साल स्वच्छ असूनही आत फोडींचे पापुद्रे तपकिरी पडलेले असू शकतात. सालीखालचा पांढरा थरही बघा. फोडींच्या पापुद्र्यावर पांढरे स्फटिक आणि आत सुकलेला रस दिसला, तर फळ गोठलेलं होतं. ते दुखणं वेगळं.

तापमानाची नोंदही पडताळा, पण खोलीच्या हवेची नव्हे, फळात सुई खुपसून घेतलेली. लिंबं आणि ग्रेपफ्रूट साधारण १० अंशांखाली लवकर दुखावतात. संत्री त्याहून बरीच थंडी सोसतात. एकाच खोलीत तिन्ही ठेवली असतील तर आधी लिंबं आणि ग्रेपफ्रूट तपासा.

खड्डे पडलेला लॉट वेगळा काढून लवकर हलवा. त्या खड्ड्यांतूनच बुरशी आत शिरते.