खिडकीच्या जीआय पत्र्यावरचा रंग टिकवण्यासाठी

जुनी खिडकी बदलताना तिच्याभोवती स्वतः बसवलेल्या जीआय (गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा रंग कोल्हापूरच्या पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटत असेल, तर दोष बहुधा रंगाचा नसून त्याखाली दिलेल्या पहिल्या थराचा, म्हणजे प्रायमरचा असतो. साध्या लोखंडासाठीचा रेड ऑक्साइड प्रायमर जस्ताच्या थरावर नीट धरत नाही. म्हणून ज्याच्या डब्यावर गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी असे स्पष्ट लिहिले आहे, तोच प्रायमर मागून घ्यावा.

१. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात पत्रा कापून घेतानाच तो वाकवून आणि स्क्रूची भोकेही पाडून घ्यावीत, म्हणजे रंगवल्यावर कुठेही उघडा धातू राहणार नाही.
२. पत्रा थिनरच्या फडक्याने पुसून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा. जस्त खरवडले जाईल इतका जोर लावू नये.
३. गंज कापलेल्या कडांपासूनच सुरू होतो, त्यामुळे बारीक ब्रशने आधी कडा आणि भोकांच्या आतली बाजू भरावी, मग दोन्ही अंगांना प्रायमर द्यावा. फळीतून वर काढलेल्या स्क्रूंच्या टोकांवर पत्रा ठेवल्यास दोन्ही बाजू एकाच दिवशी रंगवता येतात.
४. प्रायमर पूर्ण वाळल्यावर एनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत आणि नंतरच पत्रा बसवावा.

थिनर वापरताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅस किंवा देवघरातील दिवा पेटलेला नाही, याची खात्री करावी.