पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या पुढाऱ्यावर विकिपीडियात लेख लिहिताय? संदर्भ तपासताना या चुका टाळा

चवथीच्या सुट्टीत एका मित्राने एकोणिसाव्या शतकातले गोमंतकीय संसदपटू फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांच्यावरचा विकिपीडिया लेखाचा मसुदा तपासायला दिला. खाली चौदा संदर्भ बघून म्हटलं वा, पठ्ठ्याने मेहनत घेतलीय. मग एकेक उघडत गेलो तर नऊ ठिकाणी तोच परिच्छेद, तीच विशेषणं आणि मुद्राराक्षससुद्धा तोच! म्हणजे संदर्भ चौदा नाहीत, सहा.

ही चूक सगळ्यात कॉमन. त्याहून डेंजर म्हणजे गोल फिरणारा संदर्भ, पेपरवाला विकिपीडियातून उचलतो आणि मग आपण त्याच पेपरचा दाखला विकिपीडियात चिकटवतो. लेखाच्या 'इतिहास' टॅबमध्ये (तिथे प्रत्येक बदलाची तारीख असते) जाऊन ते वाक्य लेखात कधी आलं आणि पेपरात कधी छापलं एवढं बघा, दोन मिनिटांत कळतं कोणी कोणाचं ढापलंय ते.

आता माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या बाजूला ठळक माहिती देणारा चौकोन. मित्राने मृत्यूचं ठिकाण लिहिलेलं 'लिस्बन', तारीख 30 सप्टेंबर 1869. तारीख बरोबर, पण त्याने दिलेल्याच पानावर स्पष्ट होतं की आजारी गोमिश लिस्बनहून गोव्याला यायला निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. याने लिस्बन शब्द बघितला आणि टाकला. संदर्भ जोडला, वाचला नाही, काय बोलणार.

पोर्तुगीज येत नसेल (आपल्यापैकी किती जणांना येतं म्हणा) तर मशीन भाषांतरावर आंधळा विश्वास नको. गोमिश 1860 मध्ये गोव्यातून पोर्तुगीज संसदेवर निवडून गेले, तिकडे सदस्याला 'देपुतादु' म्हणतात, मशीनने त्याचं इंग्लिशमध्ये डेप्युटी केलं, तिथून मराठीत 'उप' आलं आणि मसुद्यात बिचारे थेट उपसभापती झाले! 'नोव्हा गोवा'चं तसंच. ते 1843 पासून पणजीचं सरकारी नाव, त्याला 'नवीन गोवा राज्य' करून टाकू नका. नावाची स्पेलिंगं पण सगळी शोधा, जुन्या कागदांत लुईझ शेवटी झेडने असतं, 1911 च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर एसने, एकानेच सर्च मारलात तर अर्धं मटेरियल हाती लागत नाही.

सरकारी गॅझेट आणि संसदेचं कामकाज तारखेला आणि हुद्द्याला चालतं. बेर्नार्दो पेरिस द सिल्व्हा यांना सर्रास 'पहिले गोमंतकीय गव्हर्नर' लिहितात, पण 1835 साली त्यांनी हाती घेतलेला हुद्दा प्रिफेक्टचा (मुलकी कारभाराच्या प्रमुखाचा) होता, असल्या ठिकाणी मूळ कागदच बघावा. पण जानेवारीत सूत्रं घेतलेल्या माणसाला तीनेक आठवड्यांत उठाव करून हाकललं, तेव्हा हाकलणाऱ्यांच्या बाजूच्या कागदात त्यांच्याबद्दल काय असणार? आणि शताब्दीच्या स्मरणिकेत उलटं, माणूस नुसता देव. दोन्ही वापरा, पण कोण म्हणतंय ते वाक्यातच लिहा.

सगळ्यांना सरसकट विकिपीडियाच्या 'स्वातंत्र्यसैनिक' या वर्गात (कॅटेगरीत) कोंबू नका. गोमिश लिस्बनच्या संसदेत बसून गोव्याचे हक्क मागत होते. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी 1930 मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याच्या विरोधात इथल्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. मध्ये साठ-सत्तर वर्षं गेलीत राव. स्रोत जो शब्द वापरतो तोच घ्या.

लिंक मेली असेल तर वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेब पानं साठवून ठेवणारी साइट) बघा. नाहीच मिळालं तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत चक्कर मारा, आणि पुस्तकाच्या शीर्षक पानाचा, आवृत्तीचा, पान नंबरचा फोटो तिथेच काढा. मी आळस केला आणि एका पान नंबरासाठी परत पणजी गाठली, पार्किंग शोधण्यातच अर्धा तास गेला.

मित्राने लिस्बन काढून 'समुद्रप्रवासात, जहाजावर' केलं. तासाभरात कोणीतरी परत लिस्बन करून ठेवलं. आता लेखाच्या चर्चा पानावर पुस्तक, आवृत्ती, पान सगळं टाकलंय, अजून उत्तर नाही.