कुंडी बदलताना मुळं कापा, पण शेतातली काळी माती घालू नका

कुंडीला पाणी घातलं की ते लगेच खालच्या ताटलीत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा मान टाकतं. असं होऊ लागलं म्हणजे कुंडीत मातीपेक्षा मुळंच जास्त झाली आहेत. भोकातून मुळं बाहेर आली असतील तर शंकाच नको.

मग मुळं छाटून कुंडी किंवा माती बदलावी लागते. हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा छाटलेली मुळं पानांना पुरेल एवढं पाणी ओढूच शकत नाहीत. एक-दोन चांगले पाऊस झाले की जूनअखेर ते ऑगस्ट हा उत्तम काळ. तो हुकला तर थंडी सरताना, फेब्रुवारीत.

आता माती. कपाशीला आणि केळीला मानवते म्हणून शेतातली काळी माती घमेलंभर आणून कुंडीत ओतायची, ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी सवय. शेतात पाण्याला खाली उतरायला जागा असते, कुंडीत नसते. ही माती भिजली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुतळी जाईल एवढी सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, मधला गोळा कोरडाच. शिवाय भेग पडताना बारीक मुळं तुटतात ती वेगळीच.

त्याऐवजी 3 डबे भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 2 डबे गांडूळखत, 2 डबे जाडसर वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटचं पहिलं पाणी खारट असतं, ते दोनदा फेकून द्या. वाळू चाळून घ्या. गिलाव्याची बारीक वाळू चालत नाही, दाणा साधारण ज्वारीएवढा हवा. शेणखत वापरायचं तर भुरभुरीत आणि वास गेलेलं, कच्चं नको. जेडसारख्या मांसल पानांच्या झाडाला वाळू दुप्पट.

आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या, म्हणजे मुळं-मातीचा गोळा अखंड निघतो. प्लॅस्टिकची कुंडी चारी बाजूंनी दाबा. मातीच्या कुंडीत कडेने जुनी सुरी फिरवा. झाड खोडाला धरून ओढू नका, कुंडी आडवी करून बाहेर सरकवा. कात्री स्पिरिटने पुसून घ्या.

मुळं नीट पाहा. पांढरी, टणक मुळं जिवंत. काळी, मऊ, ओढल्यावर साल हातात येणारी मुळं मेलेली, ती सगळी काढा. कुंडीच्या तळाशी चुंबळीसारखी गोल फिरलेली मुळं कापलीच पाहिजेत, नाहीतर नव्या मातीतही ती तशीच फिरत राहतात. झाड त्याच कुंडीत ठेवायचं असेल तर गोळ्याचा खालचा पाव भाग सरळ कापा आणि कडेने 3-4 उभे छेद द्या, साधारण अर्धा इंच खोल. मोठी कुंडी देणार असाल तर 8 इंचीवरून 10 इंचीवर जा. एकदम 14 इंची नको: मुळं पोचली नाहीत ती माती ओलीच राहते आणि कुज तिथूनच सुरू होते.

स्पायडर प्लांट, पीस लिली, रबर, फिकस एवढी छाटणी सहन करतात. अरेका पामची मुळं मात्र कापू नका, ती दुखावली की झाड महिनोन् महिने रुसतं; फक्त कुंडी बदला. रबर-फिकसचा चीक त्वचेला खाजतो, हातमोजे घाला.

भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतीच. खाली खडीचा थर देऊन निचरा सुधारत नाही, उलट मातीची जागा जाते. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा आणि वर एक इंच जागा सोडा.

मुळं जेवढी कमी केली, त्या मानाने काही फांद्या किंवा जुनी पानंही काढा. मग भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. जेडला मात्र 5-6 दिवस पाणी नाही, आधी कापलेल्या जखमा सुकू द्या. झाड 10-15 दिवस सावलीत ठेवा, आणि कूलरचा झोत सरळ त्याच्यावर येणार नाही असं. त्या वाऱ्याने पानं मुळांच्या आवाक्याबाहेर पाणी फेकतात.

पहिल्या आठवड्यात पानं लवली म्हणून लगेच तांब्या उचलू नका. बोट दोन इंच खुपसा. आत ओल असेल तर मुळं अजून जम बसवताहेत, पाणी घालाल तर कुजवाल. कोरडं असेल तरच द्या. नवी पालवी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण 4-6 आठवडे, खत नको.