जुना व्हॉल्व्ह एफएम ट्यूनर दुरुस्त करताना: स्लगला हात सगळ्यात शेवटी

फिशर, एच. एच. स्कॉट, मॅकिंटॉश, डायनाको किंवा विलायती लीक ट्रफलाइन असा एखादा ट्यूनर हाती आला आणि नीट वाजेना, की पहिला मोह होतो आयएफटीचे (आतल्या आयएफ, म्हणजे मध्यम-फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरचे) स्लग, म्हणजे कॉइलमधले फेराइटचे स्क्रू, फिरवून पाहण्याचा. तो आवरा. साठ वर्षांत खराब होतात ते कंडेन्सर, रेझिस्टन्स आणि संपर्क. कॉइल आपण होऊन फारशी हलत नाही. बहुतेक वेळा अलाइनमेंट (कॉइलची जुळणी) बिघडलेली सापडते ती आधीच्या कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून ठेवल्यामुळेच.

पहिली खबरदारी जिवाची. चासीखाली (धातूच्या सांगाड्याखाली) दीडशे ते अडीचशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकून राहतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सर आणि चासी यांच्यात दहा सेकंद जोडा, मग मीटरने शून्याची खात्री करा आणि त्यानंतरच आत हात घाला. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करू नका.

वीज

अमेरिकी यंत्र ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेले असते. आपल्याकडे दोन वेगळ्या वाइंडिंगचा, १०० ते १५० व्हीएचा २३० ते ११० व्होल्ट स्टेपडाउन घ्या. ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतो, पण तो यंत्राला लाइनपासून वेगळे करत नाही. व्होल्टेज बरोबर असले तरी ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कारण तितक्याच व्होल्टेजला गाभ्यातले चुंबकीय फ्लक्स सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. म्हणून ११७ पुरे करण्याचा हट्ट धरू नका. ११० वर ६.३ व्होल्टचे फिलामेंट साधारण ५.९ वर येतात. दहा टक्क्यांच्या मर्यादेत ते बसते आणि ट्रान्सफॉर्मरला उसंत मिळते. लीकसारख्या ब्रिटिश यंत्रांना ही अडचण नाही, तिथे फक्त व्होल्टेजची टॅप तपासा.

कपाटात वर्षानुवर्षे पडलेला सेट सरळ प्लगला लावू नका. १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब (एलईडी चालत नाही) २३०च्या बाजूला सिरीजमध्ये घाला. सुरुवातीला बल्ब लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर ताबडतोब बंद करा: फिल्टर शॉर्ट असेल, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) गेला असेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळला असेल.

फिल्टरच्या ॲल्युमिनियम कॅनमध्ये एकाच डब्यात तीन-चार कंडेन्सर असतात, म्हणजे ४०-४०-२० मायक्रोफॅरड असे काहीतरी. वरचा डबा दिसायला ठेवा आणि खाली तितक्याच किमतीचे, ३५० किंवा ४५० व्होल्टचे नवे कंडेन्सर टॅगस्ट्रिपवर बसवा. जुन्याची तार पूर्ण सोडवा. नवा नुसता समांतर जोडला तर जुन्यातली गळती तशीच चालू राहते. किंमत दुपटीने वाढवायची गरज नाही, कारण स्विच लावताना रेक्टिफायरवर उगाच ताण येतो.

सेलेनियम रेक्टिफायर चालत असला तरी काढा. तो जळला की कुजल्यासारखी घाण दुर्गंधी येते आणि तो धूर विषारी असतो. जागी १एन४००७ डायोड चालतात. मात्र सिलिकॉनमध्ये व्होल्टेज जवळपास पडत नाही, त्यामुळे एचटी (व्हॉल्व्हना मिळणारे उंच डीसी व्होल्टेज) वाढते. सिरीजमध्ये ४७ ते १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स घालून एचटी सर्किट डायग्राममधल्या आकड्यापर्यंत उतरवा. लाइनवरचा जुना कागदी कंडेन्सर काढा: दोन तारांमध्ये असेल तर एक्स-२, तारेपासून चासीकडे जात असेल तर वाय-२ जातीचाच लावा. तीन पिनांची वायर आणि अर्ध्या ते पाऊण अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज यात काटकसर करू नका.

काय बदलायचे, काय नाही

मेणाचे आणि कागदाचे सगळे कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन घाला. कपलिंगचा (दोन टप्प्यांना जोडणारा) कंडेन्सर खराब आहे का हे पाहायचे तर पुढचा व्हॉल्व्ह काढा आणि त्याच्या ग्रिडच्या पिनेवर डीसी मोजा. शून्य हवा, पाव व्होल्ट दिसला तरी गळती आहे. डिटेक्टरमधला (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या टप्प्यातला) ५ ते १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लोकांच्या नजरेतून सुटतो. रेशो डिटेक्टर जो विजेचा खरखराट दाबतो तो याच्या जोरावर, आणि हा वाळला की शेजारच्या दुचाकीचे प्लगसुद्धा ऐकू येतात.

फ्रंट एंड (अँटेनाकडचा पहिला टप्पा) आणि आयएफमधल्या सिरॅमिक चकत्या व सिल्व्हर मायका मात्र जागेवर राहू द्या. १०० मेगाहर्ट्झला अर्धा इंच जास्त तार म्हणजे वेगळी कॉइलच. ऑसिलेटरजवळ एन७५० असे छापलेला सिरॅमिक असेल तर तो मुद्दाम घातलेला असतो: तापल्यावर त्याची किंमत घटते आणि कॉइलचा तापमानाने होणारा फरक भरून निघतो. तिथे तापमानाने न बदलणारा साधा एनपीओ घातला की यंत्र तापेल तसे स्टेशन सरकत जाते आणि मग दोष व्हॉल्व्हवर जातो.

कार्बन रेझिस्टन्सची किंमत बहुधा वाढतच जाते, विशेषतः मोठ्या किमतींची. सर्किटमध्ये मोजताना समांतर वाटेमुळे आकडा कमी दिसू शकतो, जास्त मात्र दिसत नाही. म्हणून रंगपट्ट्यांपेक्षा वीस टक्के जास्त दिसला तर तो बदला, सोडवून पाहायची गरज नाही. (आधी फिल्टर पूर्ण रिकामे करा, नाहीतर हा नियम फसतो.)

व्हॉल्व्ह बहुतेक चांगलेच निघतात. सगळा संच नवा घेणे हा निव्वळ खर्च आहे. काढण्याआधी प्रत्येकाची जागा चिकटपट्टीवर लिहून ठेवा: दोन ६एयू६ किंवा दोन ६एक्यू८ (ईसीसी८५) यांची अंतर्गत कपॅसिटन्स थोडी वेगळी असते आणि अदलाबदल झाली की अलाइनमेंट हलते. काचेवरची अक्षरे बोटाने पुसली जातात, म्हणून कापड फक्त टोकाकडे फिरवा. सॉकेटच्या छिद्रांत आयसोप्रोपिल लावलेला दातांच्या फटींचा बारीक ब्रश घाला.

ट्यूनिंग करताना खरखर येते आणि स्टेशन उडी मारते, ती बहुधा गँगच्या (ट्यूनिंगच्या फिरत्या कंडेन्सरच्या) धुऱ्याला चासीशी जोडणाऱ्या पितळी पट्टीमुळे. तिथे काडीने कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब. पात्यांवर फवारा नको. डायलच्या काचेची मागची बाजू मऊ कोरड्या ब्रशने झटका. साबणाच्या पाण्याने आकडे निघून येतात आणि ते पुन्हा मिळत नाहीत.

गुणगुण ऐकून दोष ओळखता येतो. फुलवेव्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर, ५० हर्ट्झची जाड असेल तर व्हॉल्व्हमध्ये हीटर-कॅथोड गळती किंवा अर्थिंगचा घोळ. हलका, अवेळी चटचटाट आयएफटीच्या आत दिलेल्या मायकामधून येतो. कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच.

भारतात एक बदल

अमेरिकी ट्यूनरचा डी-एम्फसिस (प्रसारणात चढवलेले उंच स्वर परत उतरवणारे सर्किट) ७५ मायक्रोसेकंदांचा, आपल्याकडे प्रसारण ५० चे. तसाच ठेवला तर १० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल कमी मिळतात आणि आवाज दबका वाटतो. ७५ किलोओहम आणि १००० पिकोफॅरड अशी जोडी असेल तर कंडेन्सर ६८० पिकोफॅरडचा करा. स्टिरिओत दोन्ही चॅनेलला.

शेवटी अलाइनमेंट

सेट अर्धा तास तापू द्या, एएफसी (स्टेशन आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद करा. जुन्या आयएफटींना प्लॅस्टिकची षट्कोनी काडीच लागते. घट्ट बसलेल्या फेराइटला जोर दिला की तो आतच फुटतो. सर्किट डायग्राममधल्या आयएफचा (बहुतेकांत १०.७ मेगाहर्ट्झ) सिग्नल इतका कमी द्या की लिमिटर (सिग्नलची चढउतार कापणारा टप्पा) तृप्त होणार नाही. त्याच्या ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज १० मेगओहमच्या मीटरने, टोकाला १०० किलोओहम घालून वाचा. शेवटच्या आयएफटीपासून पहिल्याकडे येत व्होल्टेज कमाल करा. डिटेक्टरचा प्रायमरी कमालवर, सेकंडरी नेमका शून्यावर.

नंतर डायल: खालच्या टोकाला कॉइल, वरच्या टोकाला ट्रिमर (जुळणीचा छोटा कंडेन्सर), आणि दोन्ही जुळेपर्यंत आलटून पालटून. मुंबईत ९१.१ आणि आकाशवाणीचे १०७.१ ही खुणेची स्टेशने हाताशी आहेत. स्टिरिओ डिकोडरच्या १९ आणि ३८ किलोहर्ट्झच्या कॉइलना मल्टिप्लेक्स जनरेटर (स्टिरिओचा चाचणी सिग्नल देणारे यंत्र) नसेल तर हातच लावू नका. मरँट्झ १०बीच्या आयएफ फिल्टरलाही स्वीप जनरेटरशिवाय हात लावू नये.

पुढची देखभाल थोडीच. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालवा, वर कापड घालून झाकू नका. मॅजिक आयचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या व्हॉल्व्हचा) हिरवा प्रकाश वापराने मंदावतो आणि परत येत नाही, तेव्हा ईएम८४ सारखा जादा व्हॉल्व्ह मिळाला तर घेऊन ठेवा. अमेरिकी सेटचे अँटेनाचे टर्मिनल बहुतेक ३०० ओहमचे असतात. टीव्हीची ७५ ओहम केबल जोडायची तर मध्ये ४:१ बलून (जुळणीचा छोटा ट्रान्सफॉर्मर) हवा. चपट्या ३०० ओहम तारेचा १४५ सेंटिमीटरचा फोल्डेड डायपोल खिडकीत आडवा ताणला तरी शहरात तेवढा पुरतो.